पाश्चराइज्ड दूध घरी उकळायचं की तसंच वापरायचं?

पॅकवर पाश्चराइज्ड लिहिलंय म्हणजे ते दूध एकदा तापवून झालेलं असतं, साधारण 72 अंशाला 15 सेकंद ठेवून लगेच गार केलेलं. टीबी, ब्रुसेला, साल्मोनेला वगैरे जंतू मारायला एवढं पुरतं. मग परत उकळायचं का, हे बरंचसं ते दूध तुमच्यापर्यंत कसं पोचलं त्यावर ठरतं.

सील शाबूत आहे, दूध गारच हातात आलं आणि आल्याआल्या फ्रिजमध्ये 4 अंशाच्या आसपास गेलं, तर न उकळता खुशाल प्या. चव ताजी राहते आणि तळाला चिकटलेलं पातेलं घासत बसावं लागत नाही. फक्त पाश्चराइज्ड म्हणजे निर्जंतुक नव्हे, थोडे जीवाणू आणि त्यांचे बीजाणू (उष्णतेतही तग धरणारी त्यांची सुप्त रूपं) शिल्लक असतातच, गारव्यात ते हळू वाढतात इतकंच, म्हणून पॅक फोडल्यावर दोन-तीन दिवसांत संपवलेलं बरं.

उकळलं तर पॅकिंगनंतर किंवा वाटेत शिरलेले बहुतेक जंतू मरतात, स्वच्छ भांड्यात पटकन गार करून ठेवलं तर जरा जास्त टिकतंही. पण उकळल्याने दुधातलं सगळं सत्त्व जातं म्हणतात ना, ते काही खरं नाही हां. बी1, बी12, फोलेट थोडं कमी होतं, कॅल्शियम आणि प्रोटीन जवळपास तेवढंच राहतं, उकळलेल्या दुधाचा जो वास येतो तो व्हे प्रोटीनची रचना बदलल्यामुळे, त्यात पोषण उडून गेलं असं नसतं. अर्थात अर्धा तास आटवत ठेवलं तर नुकसान वाढणारच.

लोक चुकतात ते उकळल्यानंतर. बॅसिलस सिरियस नावाच्या जीवाणूचे बीजाणू साध्या उकळीला दाद देत नाहीत आणि दूध झाकण ठेवून तासन् तास ओट्यावर राहिलं की कोमट दुधात ते निवांत वाढायला लागतात, वर या जीवाणूने तयार केलेला उलटी करवणारा एक विषारी घटक तर परत उकळूनही जात नाही. त्यामुळे उकळून बाहेर ठेवलेल्या दुधापेक्षा न उकळता फ्रिजमध्ये ठेवलेलं दूध मला जास्त भरवशाचं वाटतं. भेसळ, अँटिबायोटिकचे अंश, अफ्लाटॉक्सिन (बुरशीचं विष) यांच्यावरही उकळीचा काही उपयोग नाही.

लाइट जाऊन फ्रिज बराच वेळ बंद होता, दूध उन्हातून आलं, किंवा घरात लहान बाळ, गरोदर बाई, प्रतिकारशक्ती कमी असलेलं कोणी आहे आणि दुधाबद्दल जरा शंका आहे, तर एक उकळी आणा, ढवळत ढवळत, आणि भांडं गार पाण्यात ठेवून निववून लगेच फ्रिजमध्ये टाका. पॅक फुगलेला असेल किंवा आंबूस वास येत असेल तर मात्र उकळून वाचवायच्या भानगडीत पडू नका, सरळ ओतून द्या.

यूएचटीचं दूध 135 अंशाच्या वर काही सेकंद तापवलेलं असतं, ते फोडेपर्यंत बाहेर राहतं आणि उकळायची गरज नाही, फोडल्यावर मात्र फ्रिजमध्येच. आणि सुट्टं कच्चं दूध असेल तर हा प्रश्नच नाही, उकळायचंच.