स्नोबोर्डचं ‘फुल किट’ आणि माझे ३८,५०० रुपये

गेल्या आठवड्यात मावसभावाने मला एक जाहिरात पाठवली. नाव वेगळं, नंबर वेगळा, पण फोटो तेच. निळा-काळा स्नोबोर्ड, म्हणजे बर्फावरून घसरायची फळी, त्यावर घट्ट बसवलेली, बूट अडकवायची बाइंडिंग, शेजारी बूट, हेल्मेट, गॉगल आणि जॅकेट. ‘नवशिक्यांसाठी फुल किट, फक्त तीन सेट शिल्लक.’ हेच फोटो बघून मी गेल्या नोव्हेंबरात ३८,५०० रुपये पाठवले होते. थंडी तोंडावर आली आहे, आपल्याकडची पोरं आता गुलमर्ग-औलीची तिकिटं काढत असतील, म्हणून झालेलं सगळं लिहून काढतोय.

मी कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात एका मशीन शॉपमध्ये क्वालिटीला आहे. पावसाळ्यात पन्हाळा-पावनखिंड, एरवी एखाद्या रविवारी राधानगरीकडं, एवढीच माझी डोंगराशी ओळख. बर्फ डोळ्यांनी पाहिलेला नव्हता. मावसभाऊ आणि मी जानेवारीत गुलमर्गला सहा दिवस स्नोबोर्डिंग शिकायचं ठरवलं. त्यासाठी दीड वर्ष दर महिन्याला ५,००० बाजूला टाकत होतो. हे पैसे कसे साठले ते माझं मला माहीत. दिवाळीत घरात नवीन टीव्ही घ्यायचा होता, तो पुढं ढकलला होता.

जाहिरात टाकणारा माणूस मराठीच बोलायचा. पहिल्या फोनपासून ‘भावा’. उत्तरेत बर्फाचं सामान भाड्यानं द्यायचा धंदा होता, तो बंद करतोय, माल काढून टाकतोय, असं त्यानं सांगितलं. मग हिशेब मांडला : ‘नवीन घ्यायला गेलास तर लाखाच्या पुढं जातोय. भाड्यानं घेतलंस तर दोन सीझनमध्ये एवढे पैसे असेच जाणार, हातात काय राहणार?’ मला ते पटलं. गुलमर्गला नंतर मी बोर्ड आणि बुटांचे मिळून दिवसाला १,२०० रुपये भाडं दिलं. सहा दिवसांचे ७,२००. म्हणजे वर्षातून एकदा जाणाऱ्या माणसाचे ३८,५०० भाड्यात संपायला पाच वर्षं लागतात. हा भागाकार मला पैसे पाठवण्याआधी करता आला असता. त्यासाठी फक्त गुलमर्गला एक फोन करून भाडं विचारायला हवं होतं. तेवढं मी केलं नाही.

त्यानं मला दोनच गोष्टी विचारल्या : उंची आणि बुटाचा नंबर. वजन विचारलं नाही. आता मला कळतं की सगळ्यात मोठी खूण तीच होती. बोर्डाची लांबी आणि तो किती वाकला पाहिजे, हे मुख्यतः अंगाच्या वजनावर ठरतं. हनुवटीपासून नाकापर्यंत उभा राहिला की बोर्ड बरोबर, असं लोक सांगतात, पण ते ढोबळ माप झालं. जो विकणारा वजन विचारत नाही, त्याच्याकडं जे पडून आहे तेच तो तुमच्या गळ्यात घालणार.

अर्धे पैसे बुकिंगला, अर्धे माल निघायच्या आधी. व्हिडिओ मागितला तर लगेच पाठवला. त्यात बाइंडिंग बोर्डावर बसवलेलं होतं, तो हातानं हलवून दाखवत होता, गच्च होतं. बोर्डाचं टोक दिसत होतं, मधला भाग दिसत होता, पण दोन्ही एकत्र एकाही फ्रेममध्ये नव्हते. ही गोष्ट मला माल आल्यावर, तोच व्हिडिओ दहाव्यांदा बघताना लक्षात आली. बाइंडिंग दुसऱ्याच कुठल्यातरी बोर्डावर बसवलेलं होतं.

खोकं मी वर्कशॉपच्या पत्त्यावर मागवलं होतं. दुपारच्या सुट्टीत सगळे जमले. बोर्ड बाहेर काढला, पोरांनी हात फिरवून बघितला, फोटो काढले. मग मी बाइंडिंग बसवायला घेतलं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. बाइंडिंग म्हणजे बूट अडकवायचा सांगाडा. त्याच्या मधोमध एक गोल चकती असते आणि ती स्क्रूनं बोर्डात आवळायची असते. स्क्रू एम-६ चे, म्हणजे आपल्या रोजच्या वापरातले. बोर्डात त्यासाठी आतून आटे पाडलेले इन्सर्ट आधीच बसवलेले असतात. माझ्या चकतीला चार भोकं होती, चौकोनात, मध्यापासून मध्यापर्यंत ४० मिलिमीटर. बोर्डावरचे इन्सर्ट मात्र शंकरपाळ्याच्या आकारात मांडलेले. मी चकती फिरवून बघितली, उलटी करून बघितली. दोनच्या वर स्क्रू बसेनात.

आमच्या मेस्त्रींनी वाकून बघितलं आणि म्हणाले, ‘दादा, ह्ये जुळायचं न्हाई. भोकं वायली हाईत.’

शंकरपाळ्यासारखी मांडणी ही बर्टन कंपनीच्या जुन्या बोर्डांची पद्धत. तिला तीन भोकांची चकती लागते. बाकी बहुतेक कंपन्यांचे बोर्ड चार भोकांच्या चकतीचे, इन्सर्टची अंतरं ४ बाय ४ किंवा २ बाय ४ सेंटिमीटर. बर्टनच्या नव्या बऱ्याच बोर्डांवर भोकांच्या जागी एक लांब खाचच असते. यातलं काहीही वाईट नाही, फक्त बोर्ड आणि चकती एकमेकांची असावी लागते. मला जे आलं होतं ते दोन वेगवेगळ्या किटांतलं उरलंसुरलं होतं. शिवाय दोन इन्सर्टचे आटे गेलेले होते, स्क्रू नुसता गरगर फिरत होता.

मेस्त्री म्हणाले, ‘आपल्याला काय त्याचं, नवीन भोकं मारू, टॅप फिरवू, झालं काम.’ मला त्या क्षणी तेच हवं होतं. ड्रिल मशीन चार फुटांवर होतं. पण आधी गुलमर्गच्या प्रशिक्षकांना फोन लावला आणि तो लावला हे फार बरं झालं. ते जवळजवळ ओरडलेच. बोर्डाच्या आत लाकूड असतं, वर-खाली फायबरग्लासचे थर. इन्सर्टला खालून रुंद टोपी असते आणि बोर्ड दाबून बनवतानाच तो आत घातलेला असतो, म्हणून ओढला तरी निघत नाही. वरून भोक पाडून लाकडात नुसते आटे पाडले तर पहिल्या जोराच्या वळणावर स्क्रू उपसून येणार. एक पाय बोर्डात आणि एक मोकळा, अशा स्थितीत माणूस उतारावर असेल तर गुडघा पिळवटतो. मग त्यांनी वजन विचारलं. ६१ किलो. बोर्डावरची लांबी? १६२ सेंटिमीटर. ते म्हणाले, तुमच्यासारख्या नव्या माणसाला १५० च्या आसपासचा, मऊ बोर्ड पाहिजे. १६२ तुम्हाला वळवताच येणार नाही.

तोवर मावसभावानं बूट पायात घातला होता. मी नंबर ८ सांगितला होता, आपला ८ म्हणजे साधारण २७ सेंटिमीटरचं पाऊल. स्नोबोर्डच्या बुटाच्या जिभेवर किंवा आत सेंटिमीटरमध्येही माप छापलेलं असतं. तिथं २९ होतं. आतलं अस्तर दबून पार चपटं झालेलं. डाव्या बुटाचा तळ अंगठ्याकडून सुटलेला, आत वाळलेला गोंद दिसत होता. टाच आत वर-खाली होत असेल तर बोर्डाच्या कडेवर ताबाच राहत नाही. ‘दोन मोजे घाला की भावा’ हे विकणाऱ्याचं नंतरचं उत्तर. बर्फात एकच पातळ लोकरीचा मोजा घालतात. दोन घातले की पाय आवळतो, रक्त फिरत नाही आणि बोटं जास्त गार पडतात.

हेल्मेटचं मला सगळ्यात जास्त वाईट वाटलं, कारण बाकी सामानानं पैसे गेले असते, हेल्मेटनं डोकं गेलं असतं. आतल्या स्टिकरवर ईएन १०७८ लिहिलेलं होतं. हे सायकल आणि स्केटिंगच्या हेल्मेटचं मानक. बर्फावरच्या हेल्मेटचं युरोपीय मानक ईएन १०७७, अमेरिकी एएसटीएम एफ२०४०. एका आकड्याचा फरक, पटकन लक्षात येत नाही. आत कपाळाच्या बाजूनं फोमला बारीक चीरही होती. आपटलेलं हेल्मेट परत वापरायचं नसतं, त्यामुळं जुनं हेल्मेट कुणाचंही, कितीही स्वस्त मिळालं तरी घेऊ नका. जॅकेटवर ‘१०के वॉटरप्रूफ’ असा टॅग होता, म्हणजे कापडानं दहा हजार मिलिमीटर पाण्याच्या उंचीचा दाब सोसायला हवा. रात्री बादलीवर ताणून धरून तांब्याभर पाणी ओतलं. अस्तर ओलं व्हायला पाच मिनिटंही लागली नाहीत. गॉगल ठीक होता.

मी विकणाऱ्याला फोन केला. आवाज चढवला नाही, फोटो पाठवले, मापं पाठवली. आधी म्हणाला, भाड्याच्या मालाला रिटर्न नसतो. दोन दिवस फोन उचलला नाही. मी तक्रार करणार म्हटल्यावर एकदम नरम झाला : ‘भावा, तुझे पैसे परत करतो, क्यूआर पाठवलाय, स्कॅन कर, पिन टाक, लगेच जमा होतील.’ वहिनी सहकारी बँकेत आहे, ती स्वयंपाकघरातून ऐकत होती. तिनं हातातला फोन काढूनच घेतला. पैसे मिळवायला पिन कधीच लागत नाही. पिन फक्त पैसे द्यायला लागतो. तो क्यूआर १९,२५० रुपयांचा होता, बरोबर माझ्या रकमेच्या निम्मा. त्या दिवशी वहिनी घरी नसती तर मी पिन टाकला असता, हे मला अजूनही रात्री आठवतं.

त्यानंतर सायबर हेल्पलाइन १९३० वर तक्रार नोंदवली. पण पहिले पैसे पाठवून १९ दिवस झाले होते. ही हेल्पलाइन उपयोगी पडते ती पहिल्या काही तासांत, पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत. शंका आली त्याच क्षणी फोन करा, खात्री व्हायची वाट बघू नका. ग्राहक हेल्पलाइन १९१५ वरही बोललो. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार आपण जिथं राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगात तक्रार करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या रकमेला फी नाही. मी केली आहे. त्यानं दिलेल्या पत्त्यावरची नोटीस ‘पत्ता अपूर्ण’ म्हणून परत आली. बँक खात्यावरून माणूस शोधायचं काम चालू आहे. आत्तापर्यंत एक रुपया मिळालेला नाही.

गुलमर्गला आम्ही गेलो. घरचे म्हणत होते की राहू दे या वर्षी, पण मावसभाऊ हटला नाही. साधारण २,६५० मीटर उंचीवरचं ते मैदान सकाळच्या उन्हात बघितलं तेव्हा गळा भरून आला. नवशिक्यांचे उतार खालीच आहेत, पहिल्या आठवड्यात गोंडोलानं (रोपवेनं) वर अफरवट शिखराकडं जायची काही गरज पडत नाही. बोर्ड भाड्याचा, १५१ चा. प्रशिक्षकांनी पहिल्यांदा मला पाठीमागून हलकेच ढकललं आणि कुठला पाय आपोआप पुढं पडतो ते बघितलं. माझा उजवा पडला. उजवा पाय पुढं ठेवणाऱ्याला ‘गूफी’ म्हणतात आणि बाइंडिंग त्याप्रमाणं फिरवून लावावं लागतं. मी आयुष्यात बोर्डावर उभा राहिलो नव्हतो, तर हे मला घरबसल्या कळणार कुठून? तीन दिवसांनी मला मऊ बोर्ड आवडतो की कडक, हे सांगता यायला लागलं. आधी नसतं आलं.

पहिल्या वर्षी पैसे घालायचेच असतील तर अंगाला लागणाऱ्या गोष्टींत घाला. चांगले पाणी न शिरणारे हातमोजे, लोकरीचे दोन जोड मोजे, आतून घालायचे थर्मल. सुती बनियन आणि जीन्स अजिबात नको, एकदा भिजली की दिवसभर वाळत नाही. मी थर्मल गांधीनगरातून घेतले, व्यवस्थित चालले. मनगटाचे गार्ड आठवणीनं घ्या, स्केटिंगवाल्यांचे चालतात. नवा माणूस पडताना हात टेकतो आणि या खेळात सगळ्यात जास्त मोडतं ते मनगटच. मी पहिल्या दिवशी किती वेळा हात टेकला त्याची गणती नाही. हेल्मेट तिथं भाड्यानं मिळतं, आतला स्टिकर बघून आणि बोटं फिरवून घ्या. कोर्सच्या फीमध्ये बोर्ड-बूट धरलेत का तेही आधी विचारा, काही ठिकाणी धरलेले असतात. पुढच्या वर्षी परत जाणार हे नक्की झालं, तर सगळ्यात आधी बूट घ्या, तेही पायात घालून, टाच उचलून बघून. बोर्ड सगळ्यात शेवटी.

तरीही कुणाला जुना बोर्ड घ्यायचाच असेल तर पैसे देण्याआधी बाइंडिंग काढलेल्या बोर्डाचा सरळ वरून फोटो मागा, शेजारी पट्टी ठेवून. लांबीचा छापलेला आकडा, बुटाच्या आतलं माप आणि लोखंडी कडेचा जवळून फोटो मागा. खरा विकणारा पाच मिनिटांत पाठवेल. आमच्याकडं साधं बुश आलं तरी मापल्याशिवाय आत घेत नाही. इथं मी एकही माप मागितलं नव्हतं.

बोर्ड अजून वर्कशॉपच्या मागच्या भिंतीला टेकवून ठेवलेला आहे, खोक्यासकट, कारण आयोगासमोर तो दाखवावा लागेल. आत्तापर्यंत दोघांनी तो विकत मागितला. एक तर आमच्याच गल्लीतला पोरगा, डिसेंबरात औलीला जाणार होता, म्हणाला, ‘दादा, १०,००० देतो, भोकाचं माझं मी बघून घेतो.’ मी त्याला टेबलापाशी बसवलं, व्हर्नियर हातात दिला आणि चकती मापायला लावली.