सीईटीच्या गणितासाठी लावलेली शिकवणी : वर्षभरानंतरचा अनुभव

बारावीच्या वर्षात सांगलीतील एका खासगी शिकवणीत मी केवळ गणितासाठी प्रवेश घेतला होता. भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्राचा अभ्यास घरीच करत होतो. शिकवणी जूनमध्ये सुरू झाली ती थेट परीक्षेच्या तोंडापर्यंत चालली, त्यामुळे हे मत पहिल्या महिन्यातील उत्साहाच्या भरात बनलेले नाही.

एकाच विषयासाठी वेगळे पैसे मोजण्यामागचा हिशेब साधा होता. एमएचटी-सीईटी या अभियांत्रिकीसाठीच्या राज्यस्तरीय प्रवेश परीक्षेच्या पीसीएम (भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित) गटात २०० पैकी १०० गुण एकट्या गणिताला आहेत. प्रत्येकी दोन गुणांचे ५० प्रश्न ९० मिनिटांत सोडवायचे असल्याने एका प्रश्नाच्या वाट्याला पुरती दोन मिनिटेही येत नाहीत आणि काठिण्यपातळी जेईई मेन या देशपातळीवरील प्रवेश परीक्षेच्या तोडीची ठेवलेली असते. चुकीच्या उत्तराला गुण वजा होत नाहीत, एवढाच काय तो दिलासा.

शिकवणीचे खरे बळ सरांच्या शिकवण्यात होते. बोर्डाच्या परीक्षेसाठी उत्तर पायरीपायरीने मांडावे लागते, तर सीईटीला फक्त योग्य पर्याय हवा असतो, हा फरक त्यांनी पहिल्यापासून लक्षात ठेवला. तरीही त्यांनी ‘ट्रिक’ कधीच आधी सांगितली नाही. इंटिग्रेशनचे एक उदाहरण मला अजून आठवते : ‘ई’चा एक्सवा घात, गुणिले कंसात एक अधिक साइन एक्स, भागिले एक अधिक कॉस एक्स. सरांनी प्रथम अर्धकोनाची सूत्रे वापरून कंसाची दोन पदे केली, त्यांतील एक पद दुसऱ्याचे डेरिव्हेटिव्ह आहे हे दाखवले आणि ‘ई’चा एक्सवा घात गुणिले टॅन एक्स बाय टू हे उत्तर काढले. त्यानंतरच त्यांनी दुसरी वाट सांगितली : पर्यायांचे डेरिव्हेटिव्ह घ्या, एक्सच्या जागी शून्य ठेवा आणि मूळ राशीची किंमत अर्धा येते तिच्याशी ताडून पाहा. जुळत नसलेले पर्याय तिथेच गळून पडतात. आधी रीत समजलेली असल्यामुळे ही युक्ती कुठे लागू पडते आणि कुठे फसवते, हेही आपोआप कळू लागले. शहरभर लागलेल्या फलकांवरील ‘शॉर्टकट’च्या जाहिरातींपेक्षा हे मला कितीतरी मोलाचे वाटले.

शंकानिरसनाची वेळ संध्याकाळी होती आणि ती खरोखर पाळली जाई. मात्र जानेवारीनंतर गर्दी इतकी वाढली, की व्हेक्टर किंवा लाइन अँड प्लेनमधील एखादे लांबलचक गणित घेऊन गेल्यास बराच वेळ ताटकळावे लागे.

अकरावीच्या भागाबाबत माझी स्पष्ट नाराजी आहे. प्रश्नपत्रिकेत अकरावीचा वाटा साधारण २० टक्के, म्हणजे दहाएक प्रश्न आणि २० गुण. सरळ रेषा, वर्तुळ, संभाव्यता, क्रमचय-संचय असे नेमके धडे त्यासाठी ठरवून दिलेले असतात. शिकवणीने ते डिसेंबरच्या सुट्टीत दुसऱ्या शिक्षकांकडून घाईघाईने उरकून घेतले आणि छापील सूत्रांचे एक पुस्तक हातावर ठेवले. ज्यांची अकरावी चांगली झाली होती त्यांना उजळणी म्हणून ते पुरले. बाकीच्यांच्या पदरात फारसे काही पडले नाही.

दुसरी उणीव सराव परीक्षांची. प्रश्न चांगल्या दर्जाचे होते, परीक्षेनंतर कोणत्या धड्यात किती वेळ गेला याची चर्चाही होत असे, पण या परीक्षा अखेरपर्यंत कागदावरच घेतल्या गेल्या. प्रत्यक्ष सीईटी संगणकावर होते. कागदावर आकृतीशेजारीच आकडेमोड करता येते. संगणकासमोर मात्र पडद्यावरचे गणित कच्च्या कागदावर उतरवण्यातच वेळ जातो आणि घाईत एखादे ऋण चिन्ह सुटते. पडद्यावरून गणित सोडवण्याची सवय मी परीक्षा घेणाऱ्या सीईटी कक्षाच्या संकेतस्थळावरील नमुना चाचणी आणि घरचा जुना लॅपटॉप यांच्या जोरावर लावून घेतली. वर्षाच्या सुरुवातीला भरलेल्या शुल्कात ‘संपूर्ण परीक्षा तयारी’ असे शब्द होते, म्हणून ही तक्रार मी कार्यालयात लेखी दिली; त्यावर पुढच्या तुकडीपासून विचार करू, एवढेच उत्तर मिळाले.

माझा गणिताचा पर्सेंटाइल अन्य दोन विषयांपेक्षा वर आला आणि त्याचे बरेचसे श्रेय मी सरांना देतो. धाकट्या बहिणीला यंदा याच शिकवणीत घालायचे ठरले आहे, पण अकरावीपासूनच. शुल्काचा पहिला हप्ता भरण्याआधी संगणकावरील चाचण्यांचे वेळापत्रक कागदावर मागून घ्या, असे मी बाबांना सांगून ठेवले आहे.