सिलिकॉन सिरम आणि घाण्याचं तेल: स्ट्रेटनरआधी काय, नंतर काय

नागपुरात बर्डीवर कॉस्मेटिकच्या दुकानात हीट प्रोटेक्टंट (स्ट्रेटनरच्या उष्णतेपासून केस जपणारं) मागितलं की बहुतेक वेळा सिलिकॉनचं सिरमच पुढ्यात येतं. समोर आर्गन किंवा बदामाचं चित्र असलं तरी बाटली उलटी करून घटक वाचा. सायक्लोपेंटासिलोक्सेन, डायमेथिकोन ही सिलिकॉनं यादीत वर असतात आणि तेल पार तळाशी. स्ट्रेटनरसाठी ते योग्यच आहे. सायक्लोपेंटासिलोक्सेन उडून जातं, मागे डायमेथिकोनचा पातळ थर राहतो. त्यामुळे उष्णता केसात सावकाश शिरते आणि प्लेट न अडता सरकते. पण उष्णता पूर्ण अडते, असं कोणी सांगितलं तर ऐकू नका.

खोबरेलाचं काम वेगळं. त्यातलं लॉरिक आम्ल केसाच्या आत शिरतं आणि धुताना होणारी प्रथिनांची झीज कमी करतं. म्हणून ते धुण्याआधीच लावायचं: खांद्यापर्यंतच्या केसांना दोन लहान चमचे, किमान अर्धा तास. डिसेंबरात इथे बाटली गोठतेच (24 अंशांखाली खोबरेल घट्ट होतं). कोमट पाण्यात ठेवली की पुरे.

मग शाम्पू, टॉवेलने टिपणं आणि ओलसर केसांना सिरमचे चार-पाच थेंब, कानाच्या खाली. विंचरा, पूर्ण वाळवा, मगच प्लेट: 160 ते 180 अंश, बारीक बट, एकदाच. चर्र आवाज आला की थांबा. केसातलं पाणी उकळतंय, आणि त्या वाफेने केसात आतून पोकळ बुडबुडे पडतात. ते परत भरत नाहीत.

दोन्ही एकत्र कालवून लावायचा सल्ला सर्रास मिळतो, तो आम्हाला अजिबात पटत नाही. तळहातावर सिरम आणि खोबरेलाचा एकेक थेंब चोळून पाहा: डायमेथिकोन तेलात नीट विरघळत नाही, डाग-डाग राहतात. केसावर थरही तसाच तुटक बसतो. शिवाय तेल प्लेटवर करपून चिकट तपकिरी थर धरतं, आणि पुढची बट त्यातच अडकते.

जवसाचं तेल तर प्लेटच्या जवळही नको. कच्चं जवस तेल साधारण 107 अंशांनाच धुरकटतं, आणि हवेत राहिलं की चिकट होऊन रंगासारखा वास मारतं. विदर्भात ते ताजं मिळतं, पण लहान बाटली घ्या, फ्रिजमध्ये ठेवा आणि धुण्याआधीच वापरा.

इस्त्रीनंतर केस गार झाल्यावर टोकांना तिळाच्या तेलाचा एक थेंब चालतो. मे महिन्यात मात्र तोही टाळा, बाहेर पडताच धूळ चिकटते.

आठवडाभर रोज सिरम लावलं की तेल मुरत नाही, वरच तरंगतं. केस जड वाटतात, ओले व्हायलाही वेळ लागतो. तेव्हा तेल लावण्याआधी एकदा सल्फेटवाल्या शाम्पूने धुवा. नुसत्या पाण्याने डायमेथिकोन निघत नाही.