इसबासाठी ओट्स: घरची पुरचुंडी की ट्यूबमधलं क्रीम?

ज्याच्या अंगाला इसब आहे त्याला ओट्सबद्दल कोणी ना कोणी सांगितलेलं असतंच. एक जण म्हणतो, किराणा दुकानातून साधे ओट्स आण, दळ आणि आंघोळीच्या पाण्यात घाल. दुसरा म्हणतो, कशाला ती उठाठेव, मेडिकलमध्ये ओट्सचं क्रीम मिळतं. मी दोन्ही वापरलंय, स्वतःच्या कोपरांच्या लवणीत, गुडघ्यांमागे, आणि मुलाच्या मानेवरही. दोन्हींत तथ्य आहे. पण लातूर, धाराशिव, बीड या पट्ट्यात राहणाऱ्यांसाठी ही निवड ओट्सवर कमी आणि घरात येणाऱ्या पाण्यावर जास्त अवलंबून असते, असं माझं मत झालंय.

ओट्सचा गुण खरा आहे, एवढं आधी सांगतो, कारण आपल्याकडे बऱ्याच जणांना ओट म्हणजे रब्बीत जनावरांसाठी पेरायचा चारा एवढंच माहीत असतं. त्याच्या दाण्यातलं बीटा-ग्लुकन पाणी धरून ठेवतं आणि कातडीवर पातळ थर देतं. ॲव्हेनँथ्रामाइड नावाचे घटक खाज आणि लाली शमवतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2003 साली बारीक दळलेल्या ओट्सना, म्हणजे कोलॉइडल ओटमीलला, त्वचेचं रक्षण करणारा घटक म्हणून मान्यता दिली. तरीही हे इसबावरचं औषध नव्हे. इसब उसळून लाल, ओला झाला की डॉक्टरांनी दिलेलं मलमच लागतं. ओट्स त्याच्या जोडीला असतात.

आणि आधी तो इसबच आहे ना, हे बघून घ्या. गोल कडा उठलेलं गजकर्ण असेल तर ओट्सने काही होणार नाही. घरातल्या सगळ्यांनाच रात्री खाज सुटत असेल तर खरजेचा विचार करा. पावसाळ्यात शेतात जाऊन आल्यावर चेहरा, पापण्या आणि मान पेटत असेल, तर बांधावरचं गाजरगवत कारण असू शकतं. तिथे अंग धुणं, पूर्ण बाह्यांचे कपडे घालणं आणि त्या गवतापासून लांब राहणं हाच उपाय. त्वचेच्या डॉक्टरांना एकदा दाखवलं की हा घोळ मिटतो.

आता पुरचुंडी. इंग्रजी पुस्तकांतून आलेला सल्ला टब भरून त्यात ओट्स कालवायचा असतो. 2016 साली ज्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, तिथे टबाचं नावच नको. आपल्याला बादली आणि तांब्या. त्यासाठी पुरचुंडीच बरी. साधे, बिनमसाल्याचे ओट्स घ्यायचे (मसाला ओट्सचं पाकीट चुकूनही नको, त्यात मीठ-तिखट असतं), कोरड्या मिक्सरमध्ये अगदी पिठासारखे फिरवायचे आणि मैद्याच्या चाळणीने चाळायचे. गिरणीत देऊ नका, तिथे आधी कोणाचे गहू आणि कोणाची डाळ दळलेली असते ते कळत नाही, आणि फुटलेल्या कातडीला ते चालत नाही. बारीक झालं का ते बघायला चमचाभर पीठ पेलाभर पाण्यात ढवळा. पाणी दुधाळ झालं आणि तसंच राहिलं तर जमलं. तळाशी गाळ बसला तर पुन्हा मिक्सर.

तीन-चार चमचे पीठ जुन्या धोतराच्या मऊ तुकड्यात बांधायचं, कोमट पाण्यात भिजवायचं आणि पिळायचं. पहिल्यांदा पिळलं की बोटांमधून पांढरं, बुळबुळीत पाणी तारेसारखं ओघळतं. ते सुरू झालं की पुरचुंडी खाजेच्या जागेवर नुसती दाबून धरायची, घासायची नाही. थंडीत, परभणीकडच्या कोरड्या डिसेंबरात, हातांना भेगा पडलेल्या असताना त्या पाण्याने जी निववण मिळते ती क्रीमने मिळत नाही. हे मी मोकळेपणाने कबूल करतो. खाज पाचेक मिनिटांत उतरते. शिवाय साबण सुटतो, आणि माझ्या मते पुरचुंडीचा सगळ्यांत मोठा फायदा हाच. निरोगी कातडीचा पीएच, म्हणजे आम्लतेचं माप, पाचच्या आसपास असतो, साध्या साबणाचा नऊ-दहा. इसबाच्या अंगाला रोज साबण लावणं म्हणजे आधीच फाटलेल्या जागी आणखी ओरबाडणं. ओट्समध्ये मळ काढणारे सॅपोनिनही असतात, त्यामुळे अंग स्वच्छ होतं आणि ओढल्यासारखं वाटत नाही.

एवढं असून मी पुरचुंडी रोजच्या वापरातून काढली. कारण एकच, शेवटचा तांब्या.

ओट्सचं ते बुळबुळीत पाणी अंगावर तसंच राहू द्यायचं, टॉवेलने टिपायचं, असं सांगतात. दमट हवेच्या गावात ते चालत असेल. आपल्या कोरड्या हवेत तो थर झटकन वाळतो. कोपराच्या लवणीत घडीघडीला पांढऱ्या रेघा दिसायला लागतात, हात सरळ केला की कातडी ताणली जाते, आणि जी खाज घालवायला एवढं केलं ती तिथेच परत सुरू होते. शर्टाची बाही त्यावर घासली तर विचारूच नका. म्हणजे वरून स्वच्छ पाणी घ्यावंच लागतं. आणि ते स्वच्छ पाणी कुठलं? आमच्याकडे बोअरचं. ज्या पाण्यात तूर डाळ शिजता शिजत नाही, ज्याने नळाच्या तोटीवर पांढरे खडे धरतात, तेच पाणी शेवटी अंगावर ओतायचं. त्यातला चुना आणि मॅग्नेशियम अंगावर वाळतं. दहा मिनिटं ओट्सने जे कमावलं ते दोन तांब्यांत जातंय, असं मला रोज वाटायचं. मोजमाप करायला माझ्याकडे यंत्र नाही, कातडी ओढली जातेय की नाही एवढंच मी सांगू शकतो, आणि ती ओढली जायची.

यावर उपाय आहे. शेवटचे दोन तांबे जारच्या पाण्याचे घ्यायचे. केलं, आणि फरक पडला. पण एप्रिल-मेमध्ये, नळाला आठवड्यातून एखाद्या वेळी पाणी येत असताना, प्यायला विकत आणलेला जार आंघोळीला ओतायचा हे घरात कोणालाच पटत नाही, आणि मलाही पटलं नाही.

बोअरच्या पाण्यावर सगळा दोष ढकलायचा नाही. जड, म्हणजे क्षार जास्त असलेल्या पाण्याच्या भागात मुलांना इसब जास्त दिसतो असं अनेक अभ्यासांत आढळलंय. पण इंग्लंडमध्ये 336 मुलांच्या घरांवर जी चाचणी झाली, जिचे निष्कर्ष 2011 साली आले, तिच्यात पाणी मऊ करणारं यंत्र बसवून नेहमीच्या उपचारांपेक्षा जास्त काही फायदा दिसला नाही. म्हणून कोणी असं महागडं यंत्र घ्यायला सांगितलं तर खिशात हात घालण्याआधी थांबा. माझी तक्रार त्या थरापुरती आणि त्या शेवटच्या तांब्यापुरती आहे.

पुरचुंडीची बाकीची कुरकुर किरकोळ. ती रोज ताजी बांधावी लागते. नळाला टांगून ठेवली तर उन्हाळ्यात संध्याकाळपर्यंत आंबूस वास सुटतो, आणि ती दुसऱ्या दिवशी वापरणं धोक्याचं. शहाबादी फरशी ओट्सच्या पाण्याने भयंकर निसरडी होते, घरात म्हातारं माणूस असेल तर लगेच धुऊन घ्या. उघड्या पाकिटात पावसाळ्यात पोरकिडे होतात, तेव्हा डबा घट्ट लावलेला हवा.

क्रीमचं काम याच्या उलट्या टोकाकडून सुरू होतं. आंघोळ थोडक्यात आटपायची, साबण काखा-पायांपुरताच, अंग टिपायचं आणि ओलसर असतानाच, दोन-तीन मिनिटांत, क्रीम लावायचं. पाणी बोअरचंच, पण अंगावर कमी वेळ, आणि क्रीमनंतर पुन्हा पाणी नाही. जे लावलं ते तिथेच राहतं. माझ्यासाठी पारडं इथेच झुकलं. नंतर कळलं की विलायतेत 2018 साली प्रसिद्ध झालेली एक मोठी चाचणीही अशाच दिशेने बोट दाखवते. 482 मुलांवर वर्षभर पाहिलं तेव्हा, अंगाला लावून ठेवायचं मॉइश्चरायझर चालू असताना आंघोळीच्या पाण्यात वेगळं औषधी तेल घातल्याने म्हणावा असा जास्तीचा फायदा झाला नाही. ती चाचणी ओट्सच्या पुरचुंडीची नव्हती हे खरं, पण पाण्यात काय घातलं यापेक्षा अंगावर काय राहिलं याला जास्त महत्त्व आहे, हे मला पटलं.

क्रीमचे दोष मात्र खरेच आहेत. पहिला पैशाचा. इसबाच्या अंगाला मॉइश्चरायझर भरपूर लागतं. अख्ख्या अंगाला नीट लावायचं तर आठवड्याला 250 ते 500 ग्रॅम, असं त्वचेचे डॉक्टर सांगतात. ओट्सच्या क्रीमने एवढं करायचं तर महिन्याचा किराणा मागे पडेल. मी ते फक्त कोपर, गुडघ्यामागे आणि मानेला लावतो, बाकी अंगाला साधी पांढरी पेट्रोलियम जेली. दुसरा दोष वासाचा. ओट्सचं चित्र छापलेल्या बऱ्याच ट्यूबांमध्ये सुगंध घातलेला असतो, आणि इसबाला सुगंध चालत नाही. मागची बारीक अक्षरं वाचा, घटकांत कोलॉइडल ओटमील लिहिलेलं हवं आणि परफ्यूम नको. ओट्सचं नाव मोठं आणि यादीत ते शेवटून दुसरं, अशी ट्यूब ठेवून द्या. तिसरा दोष उन्हाळ्याचा. बेचाळीस अंशांत, कपड्याखाली, दाट क्रीमवर घाम बसला की चरचरतं. मे महिन्यात मी सकाळी अगदी पातळ हात फिरवतो आणि जाड थर रात्रीसाठी ठेवतो.

घरातली मोठी माणसं तिसराच रस्ता सांगतात, म्हणून त्याबद्दल दोन शब्द. डाळीच्या पिठाने कोरडी कातडी आणखी कोरडी होते, इसबावर नकोच. कडुलिंबाच्या पाल्याचं पाणी मला तरी चरचरलं. खोबरेल तेल चांगलं. करडईचं तेल आपल्या मराठवाड्याचंच, आणि त्यात लिनोलेइक आम्ल भरपूर, जे कातडीच्या थराला हवं असतं. माझी आजी हिवाळ्यात तेच चोळायची, आणि तिच्याकडे ते वाया गेलं नसावं. मोहरीचं तेल मात्र इसबावर टाळलेलं बरं.

तेव्हा कोणासाठी काय? ज्यांच्या घरी धरणाचं गोडं पाणी येतं, नांदेडला विष्णुपुरीचं किंवा संभाजीनगरला जायकवाडीचं, त्यांना माझी शेवटच्या तांब्याची अडचण कदाचित जाणवणारही नाही. त्यांनी पुरचुंडीपासून सुरुवात करायला हरकत नाही, खर्चही कमी. ज्यांना साबणाशिवाय आंघोळ झाल्यासारखी वाटत नाही त्यांनाही ती सवय सोडायला मदत करेल. पण बोअर किंवा टँकरवर घर चालत असेल तर मी क्रीमच घ्या म्हणेन, आणि ओट्सचं पाकीट इसब उसळतो त्या दिवसांसाठी घरात असू द्या. उसळी आली की मी आंघोळीच्या वाटेला जात नाही. वाटीभर जारच्या पाण्यात पुरचुंडी पिळतो, त्यात सुती फडकं भिजवून ते लवणीवर दहा मिनिटं ठेवतो, मग उरलेल्या पाण्यानेच पुसून लगेच क्रीम. वाटीभर पाणी कोणालाही जड जात नाही.

लहान मुलांच्या बाबतीत एक काळजी घ्या. इसब असलेल्या काही मुलांना ओट्सचीच ॲलर्जी असते, आणि फुटलेल्या कातडीतून ती जडूही शकते. पुरचुंडी असो की क्रीम, आधी मनगटाच्या आतल्या बाजूला, न फुटलेल्या जागी, थोडंसं काही दिवस लावून बघा. लाल पुरळ उठलं तर बंद. बाळ सहा महिन्यांच्या आतलं असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय काहीच नको. पिवळ्या खपल्या धरल्या, पू आला, ताप आला किंवा बारीक फोड झपाट्याने पसरायला लागले, तर ओट्स बाजूला ठेवून त्याच दिवशी दवाखाना गाठा.

मोठ्या माणसाला स्वतःवर ताडून बघायचं असेल तर दोन्ही कोपर उपयोगाला येतात. डाव्या लवणीला पुरचुंडी, उजवीला क्रीम, बाकी सगळं तेच, आणि डॉक्टरांचं मलम दोन्हीकडे सारखं. दोनेक आठवडे असं चालू ठेवा. रोज सकाळी उठल्यावर, अंग धुण्याआधी, दोन्ही लवणी उजेडात बघा, नखांचे ताजे ओरखडे कुठे जास्त आहेत ते. माझ्याकडे ते डाव्या हाताला जास्त होते, तुमच्या पाण्याने वेगळं दिसू शकेल.