रेड हॉट पोकर: हॅरोच्या चिकणमातीत दीड वर्ष

लंडनच्या वायव्येला, हॅरोमधील आमच्या घरामागच्या अरुंद वाफ्यात एप्रिल 2024 मध्ये मी रेड हॉट पोकरची ‘रॉयल स्टँडर्ड’ या वाणाची तीन रोपे लावली. त्यांपैकी दोन आज जोमात आहेत. तिसरे गेले, आणि ते थंडीने नव्हे तर माझ्या आळसाने गेले, हे आधीच सांगते.

आमच्याकडची माती उन्हाळ्यात भेगाळते आणि ऑक्टोबरनंतर फावड्याला गोळ्यागोळ्यांनी चिकटून वर येते. मूळच्या दक्षिण आफ्रिकेतील या झाडाला भरपूर ऊन आणि पाण्याचा चांगला निचरा लागतो, एवढे ठाऊक असल्यामुळे दोन रोपांसाठी मी मातीत खडी आणि पानांचे कुजलेले खत मिसळून वीतभर उंच वरंबा केला. तिसऱ्याची वेळ आली तेव्हा खडी संपली होती आणि पाऊस भुरभुरत होता, म्हणून ते तसेच सपाटीवर लावून मोकळी झाले. पुढच्या हिवाळ्यात वरंब्यावरच्या दोघांनी हिमाने पांढऱ्या झालेल्या कित्येक सकाळी सोसल्या. सपाटीवरचे रोप मात्र फेब्रुवारीत पान धरून जरा ओढताच सुटून हातात आले, आणि त्याच्या गड्ड्याला सडक्या कांद्यासारखा वास येत होता.

हिवाळ्यापूर्वी पाने वर ओढून सुतळीने शेंडीसारखी बांधावीत, म्हणजे गाभ्यात पाणी साचत नाही, असा सल्ला इकडे सर्रास मिळतो. मी तो पाळला, पण मार्चमध्ये सुतळी सोडली तर आत गोगलगायींचे संमेलनच भरलेले! यंदाही बांधणार आहे, मात्र अधूनमधून उघडून पाहीन.

पहिल्या उन्हाळ्यात फुलांची फारशी आशा धरू नये. मला सप्टेंबरमध्ये एकच दांडा मिळाला, तेव्हा रोपवाटिकेला खरमरीत पत्र लिहायला बसले होते. ते पाठवले नाही हे बरे झाले, कारण लागवडीनंतरचा पहिला हंगाम हे झाड बहुधा मुळे रुजवण्यातच घालवते.

यंदा जुलैत मात्र दोन रोपांना मिळून नऊ दांडे आले, तेही कमरेच्या वर. तुरा खालून वर उमलत जातो आणि कळीचा लाल रंग उमलताना पिवळा होतो, त्यामुळे काही दिवस एकाच दांड्यावर खाली पिवळा आणि शेंड्याला लालभडक असे दोन रंग दिसतात. चुलीतून नुकत्याच काढलेल्या सळईचे नाव याला का पडले, ते तेव्हा पटते. प्रत्येक फूल म्हणजे खाली झुकलेली बारीक नळी. भुंगा तिच्यात शिरला की त्याचे फक्त मागचे पाय बाहेर दिसतात. या झाडाच्या मायदेशी हा मध शिंजीर पक्षी पितात. आईला व्हिडिओ कॉलवर तुरा दाखवला तर ती म्हणाली, “अगं, ही तर कोरफड फुललीय!” मी हसले खरी, पण ती फारशी चुकली नव्हती. दोन्ही एकाच कुळातील, आणि रेड हॉट पोकरच्या सर्वांत परिचित जातीला स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने 1753 मध्ये कोरफडीच्याच प्रजातीत घालून ‘अ‍ॅलो युव्हारिया’ असे नाव दिले होते.

तक्रार आहे ती पानांची. फुलोरा ओसरला की ती चहूकडे लोळतात आणि शेजाऱ्यांना दाबून टाकतात. माझे लव्हेंडर एका बाजूने पार बोडके झाले. दोन रोपांत मी 40 सेंटिमीटर अंतर ठेवले होते, ते किमान 60 हवे होते. शिवाय तुऱ्याचा शेंडा लाल असतानाच खालची फुले तपकिरी होऊन लोंबू लागतात, ते मला बघवत नाही. पूर्ण तुरा सुकला की दांडा बुडातून कापते. कळ्या धरताना कोरडा आठवडा आला तर पाणी द्यावे लागते, एरवी फारसे नाही.

रिकाम्या जागेसाठी नवे रोप आणणार नाही. येत्या वसंतात मोठा गड्डा उकरून त्याचेच दोन भाग करीन. खडीच्या दोन पिशव्या मात्र आत्ताच आणून ठेवल्या आहेत.