राजवाडा–सराफा की लालबाग–छप्पन?

इंदुरात एकच दिवस हाताशी असेल तर आधी परतीच्या गाडीची वेळ बघा, चवीचं नंतर. रात्री नऊ-दहाची गाडी असेल तर सराफ्याचा, म्हणजे सराफा बाजारातल्या रात्रीच्या खाऊगल्लीचा, हट्ट सोडा. दिवसभर तिथे सोन्या-चांदीचा व्यापार चालतो. सराफी पेढ्यांची शटरं पडली की त्यांच्याच पायऱ्यांपुढे खाण्याच्या गाड्या लागतात, आणि खरा रंग साडेनऊनंतर, मध्यरात्र उलटेपर्यंत. छप्पन (‘छप्पन दुकान’ ही खाऊगल्ली) मात्र सकाळपासून सुरू असतं, रस्त्यावर वाहनं नाहीत, बसायला जागा आहे. लहान मुलं किंवा गुडघे दुखणारे आजी-आजोबा बरोबर असतील तर छप्पनच.

वास्तूंचं गणित उलटं आहे. होळकरांचा राजवाडा सात मजली, खालचे तीन दगडी, वरचे चार लाकडी. १९८४ च्या आगीत मागचा भाग जळाला; आज दिसतो तो नंतर विटा, चुना, लाकूड वापरून पुन्हा उभारलेला. त्यामुळे आत पाऊण तास पुरतो. दर्शनी भाग मात्र समोरच्या बागेतून, अहिल्याबाईंच्या पुतळ्याजवळ उभं राहून सावकाश पाहावा. आतलं मल्हारी मार्तंडाचं देवघर चुकवू नका.

लालबाग या होळकरांच्या महालाला दोन तास हवेत. १८८६ ते १९२१ असं टप्प्याटप्प्यानं झालेलं हे काम सगळं युरोपी थाटाचं: बकिंगहॅमच्या धर्तीवर इंग्लंडात ओतून घेतलेलं फाटक, इटालियन संगमरवर, नाचताना पाय दमू नयेत म्हणून स्प्रिंगांवर बसवलेली लाकडी जमीन. फाटकापासून महालापर्यंत चाल बरीच आहे. सोमवारी दोन्ही वास्तू बंद, इतर दिवशी साधारण दहा ते पाच. लालबागमध्ये डागडुजीची कामं निघतात, तेव्हा आदल्या दिवशी चौकशी करूनच निघा.

राजवाडा–सराफा निवडलात तर अडचण पाच ते नऊच्या मधल्या वेळेची. १८३२ चं गोपाळ मंदिर आणि नदीकाठच्या कृष्णपुऱ्याच्या छत्र्या (होळकरांच्या समाध्या), दोन्ही पायी होतात. या वेळेत कचोरी-समोसा खाऊन पोट भरू नका, नाहीतर सराफ्यात दोन पदार्थांतच हात टेकाल.

तिथे पहिला मान भुट्ट्याच्या किसाला. कोवळं कणीस किसून तुपाच्या फोडणीवर परततात आणि दूध घालून मंद आचेवर आटवतात. कणीस जून असेल तर कीस रवाळ लागतो, म्हणून पावसाळ्यातला उत्तम. गराडू फक्त थंडीत. कोनफळाच्या जातीचा हा कंद एकदा तळून ठेवलेला असतो. तुमच्यासमोर पुन्हा तळून, कडा तांबूस झाल्यावरच घ्या. वर जीरावन (इंदुरी मसाला) आणि लिंबू. गार झाला की चिवट होतो, त्यामुळे दोघांत एक प्लेट बास. साबुदाण्याची खिचडी आपल्या घरच्यासारखी परतलेली नसते: वाफेवर ठेवलेल्या साबुदाण्यात मसाला, लिंबू, तळलेला बटाट्याचा कीस आयत्या वेळी कालवतात. जलेबा म्हणजे भली मोठी जिलेबी; एकच पाव किलोच्या घरात जातो, चौघांत एक पुरे.

छप्पनला खोबऱ्याचं पॅटिस (बटाट्याच्या पारीत ओल्या खोबऱ्याचं सारण) आणि तुपावर भाजलेल्या पावाचा हॉटडॉग. शिकंजी मागाल तर लिंबूपाणी येईल असं समजू नका. इथली शिकंजी दाट, गोड, दुधाची असते. ती शेवटी घ्या.

गाडी दुसऱ्या दिवशी सकाळची असेल तर दुपारी लालबाग आणि रात्री सराफा अशी जोडी लावा. राजवाडा तेव्हा वाटेतच, बाहेरून दिसतो.