मेम्फिसच्या कोरड्या रिब्ज की कॅन्सस सिटीच्या सॉसवाल्या?

डॅलसच्या भाच्याने स्मोकर (धुरावर मांस शिजवायची भट्टी) घेतलाय. चार जुलैला पाहुणे येणार आणि पोर्क रिब्ज (डुकराच्या बरगड्या) या दोन अमेरिकन शहरांपैकी कुठल्या पद्धतीच्या करायच्या यावर त्याचं अडलंय.

खर्चात फरक नगण्य. बरगड्या त्याच, हिकरीचं लाकूड दोन्हींना चालतं, आणि ११० अंश सेल्सिअसला स्पेअर रिब्ज (पोटाकडच्या बरगड्या) साधारण पाच-सहा तास घेतात.

खरा फरक चवीत आणि लक्ष ठेवण्यात. मेम्फिसच्या कोरड्या पद्धतीत पाप्रिका, लसूण पूड, मिरी वगैरे मसाला नुसता चोळतात. (तिथे सॉसवाल्याही मिळतात, पण १९४८ पासूनच्या ‘रॉन्देव्हू’ या तिथल्या रेस्टॉरंटने नाव केलं ते कोरड्यांचं.) आपल्या जिभेला ही चव लगेच पटते. मात्र मांस वातड झालं तर लपवायला काही नाही.

कॅन्सस सिटीचा सॉस टोमॅटो आणि मोलॅसिसचा (काकवीसारखा पाक), दाट, गोड. त्यातली साखर करपते, म्हणून तो शेवटच्या अर्ध्या तासातच फासायचा. घाई केली की वरचा थर कडू. हात कोपरापर्यंत बरबटतात ते वेगळंच. उरलेल्या रिब्ज दुसऱ्या दिवशी गरम करायला मात्र याच बऱ्या, कोरड्या पडत नाहीत.

पोरंटोरं जास्त असतील तर कॅन्सस सिटी. मसालेदार खाणारी मोठी माणसं असतील तर मेम्फिस. दोन्ही असतील तर सगळ्या कोरड्याच लावाव्यात आणि अर्ध्यांना शेवटी सॉस.